चपला आत घेऊन या

माझ्या पेठच्या दवाखान्याच्या दारावर बरीच वर्षं एक पाटी होती : 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.' तुमच्या गावच्या दवाखान्यातही अशी पाटी असेल. दोन वर्षांपूर्वी मी ती काढली आणि तिथे हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला : 'चपला आत घेऊन या. डायबेटिस असेल तर नक्कीच.'

सुरुवातीला पेशंट बिचकायचे. चिखलाची चप्पल हातात धरून दारातच उभे राहायचे. एका आजींनी तर हळूच विचारलं, "मॅडम, चपला चोरीला जायला लागल्या का हो?"

चोरी होत नव्हती. तो कागद का लागला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यात बटाट्याचं वावर आहे, बाभळीचा काटा आहे आणि हजारो मैलांवरचं पादत्राणांचं एक संग्रहालयही आहे. शेवटी घरी करता येईल अशी पाच मिनिटांची एक तपासणी दिली आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, ती मात्र वाचा.

अण्णांचा काटा

पेठ हे आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावर अवसरी घाटाच्या अलीकडचं गाव. आजूबाजूचा भाग सातगाव पठार म्हणून ओळखला जातो आणि पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाच्या सुरुवातीला लागवड होते, दसऱ्याच्या आगेमागे काढणी. ओल्या वावरात चप्पल रुतते, म्हणून कितीतरी जण ती बांधावर काढून अनवाणीच उतरतात. दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणं हा तर इथला ठरलेला आजार.

अण्णा (खरं नाव वेगळं आहे) याच पठारावरचे शेतकरी. वय साठच्या आसपास, डायबेटिस नऊ वर्षांचा. पेशंट म्हणून अगदी शिस्तीचे. दर महिन्याला यायचे, शुगर तपासायचे, बीपी मोजून घ्यायचे, गोळ्या घेऊन जायचे. चपला दाराबाहेर एकीला एक लावून नीट ठेवायचे.

त्या वर्षी काढणी संपता संपता आले. अंगात थोडा ताप होता आणि शुगर साडेतीनशेच्या वर गेली होती. "धावपळीत गोळ्या चुकल्या असतील," मी म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. बरोबर काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस झाले, फरशीवर यांच्या पायाचे ओले डाग उमटताहेत. विचारलं तर म्हणतात, कुठं काय."

मी अण्णांना पाय वर घ्यायला सांगितलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, एक बारीक भोक होतं. भोवतीची कातडी पांढरी पडलेली. दाबल्यावर पू आला. अंगठा सुजून काळसर झाला होता आणि शेजारच्या बोटाचा रंगही बदलला होता.

"अण्णा, हे दुखत नाही?"

"नाही ना. दुखलं असतं तर आलो असतो की, मॅडम."

मी बाहेर गेले आणि त्यांची चप्पल आत आणली. टायरच्या तळाची, दोनदा शिवलेली. उलटी केली तर तळात बाभळीचे तीन काटे. दोन मोडून आत राहिलेले, तिसरा आरपार. आतल्या बाजूने बोट फिरवलं, तर टोक मला टोचलं. पायाच्या जखमेची जागा आणि काट्याची जागा तंतोतंत जुळत होती. काकूंच्या हिशेबाने अण्णा त्या काट्यावर आठवडाभर तरी चालत होते.

त्यांना लगेच पुण्याला पाठवलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला.

त्या रात्री मी त्यांची फाइल काढून बसले. नऊ वर्षांत शंभराच्या आसपास भेटी. प्रत्येक भेटीला शुगर, बीपी, वजन, गोळ्या. पायांबद्दल एक ओळ नाही. नऊ वर्षांत मी या माणसाचे तळपाय एकदाही पाहिले नव्हते. आणि ती चप्पल दर महिन्याला माझ्या दाराबाहेर, माझ्याच पाटीखाली पडलेली असायची.

चपलांचं घर

पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे टोरांटोला गेले होते. तिने विचारलं, "आई, तुला इथलं चपलांचं म्युझियम दाखवू?" मला वाटलं, थट्टा करते आहे. पण ते खरंच आहे. बाटा शू म्युझियम. भर शहरात ब्लूर स्ट्रीटवर, बुटांच्या खोक्यासारखी इमारत, वर किंचित तिरकं ठेवलेलं झाकण. रेमंड मोरियामा या वास्तुविशारदाने ती तशीच योजली. बाटा घराण्यातल्या सोन्या बाटा यांनी जगभर फिरताना आयुष्यभर पादत्राणं जमवली आणि त्या संग्रहासाठी १९९५ मध्ये हे संग्रहालय उघडलं. तिथल्या संग्रहात १३,००० हून जास्त वस्तू आहेत.

मला वाटलं होतं, राण्यांचे बूट बघू आणि तासाभरात बाहेर पडू. राणी व्हिक्टोरियाच्या सपाता आहेत, गायक एल्टन जॉनचे उंच तळाचे बूटही आहेत. पण दालनाची सुरुवात बुटाने होत नाही, पाऊलखुणेने होते. टांझानियात लाएतोली इथे ज्वालामुखीच्या राखेत मानवाच्या पूर्वजांची पावलं उमटलेली सापडली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. त्यांचा साचा तिथे ठेवला आहे. आधी पाय, मग पादत्राण. मी तिथेच थांबले, कारण अण्णांच्या फाइलमध्ये मी हा क्रम पार उलटा करून ठेवला होता. गोळ्या होत्या, पाय नव्हता.

पुढे एका कपाटात चिनी बायकांचे रेशमी जोडे आहेत. नक्षीकाम असं की बघत राहावं. लांबी माझ्या तळहाताहून कमी. लहान मुलींची बोटं तळव्याखाली दुमडून घट्ट बांधायची आणि तसंच वाढू द्यायचं, अशी पायबांधणीची प्रथा तिथे अनेक शतकं होती. १९१२ मध्ये चीनच्या नव्या प्रजासत्ताकाने तिच्यावर बंदी घातली. आपण जोडा पाहतो, पण त्याच्या मापावरून आतल्या मोडलेल्या हाडांची कल्पना येते.

दुसरीकडे फ्रान्समधले लाकडी बूट आहेत, तळाला लांब लोखंडी खिळे असलेले. पाहून अंगावर काटा येतो. पण ते शिक्षेचे नाहीत. चेस्टनटची कडक टरफलं पायाखाली फोडण्यासाठी शेतकरी ते घालत. म्हणजे आपल्या गमबुटांसारखीच कामाची वस्तू.

आणि आपल्याकडच्या वस्तू? अंगठा आणि बोटाच्या मध्ये खुंटी धरायच्या पादुका आहेत. हैदराबादचे निजाम सिकंदर जाह यांची सोन्याच्या कलाबतूची मोजडी आहे. २००६ मध्ये ती तिथून चोरीला गेली होती आणि नंतर परत मिळाली. मला दाराशी प्रश्न विचारणाऱ्या आजी आठवल्या. चपला चोरीला जातात, आजी, तिकडेसुद्धा.

बूट बोलतात, हाडंही बोलतात

परत आल्यावर मी या विषयावर वाचायला लागले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. पाय पादत्राणाला आकार देतो आणि पादत्राण पायाला. दोघं एकमेकांची नोंद ठेवतात.

जगातले सर्वांत जुने जोडे सापडतात ते फार तर नऊ-दहा हजार वर्षांचे. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या गुहांमध्ये झुडपाच्या सालीच्या विणलेल्या सपाता मिळाल्या आहेत. आर्मेनियातल्या एका गुहेत सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा, गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्याचा, वादीने बांधलेला उजव्या पायाचा जोडा सापडला. आत गवत भरलेलं होतं. मग त्याआधी माणूस अनवाणी होता का? चीनमधल्या तियानयुआन गुहेत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. त्याच्या पायाच्या बोटांची हाडं अपेक्षेपेक्षा नाजूक होती. अनवाणी चालणाऱ्याची बोटं जमीन धरतात, म्हणून त्यांची हाडं जाड होतात. पादत्राण वापरलं की बोटांवरचा भार कमी होतो. त्यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की हा माणूस बहुधा काहीतरी पायात घालत होता. जोडा कुजून गेला, पण त्याची नोंद बोटात राहिली.

दुसरं उदाहरण केंब्रिजचं. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब टोकदार बुटांची फॅशन आली. तिथे उत्खननात मिळालेल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांचा अंगठा बाहेरच्या बोटांकडे वळून त्याच्या मुळाशी गाठ आलेली होती. चौदाव्या-पंधराव्या शतकात हेच प्रमाण २७ टक्के झालं. ही गाठ म्हणजे आपण ज्याला बनियन म्हणतो तीच. टोकदार बूट घालणाऱ्या आजच्या मुलींना मी हे आकडे आवर्जून सांगते.

बुटांच्या इतिहासात आम्हा डॉक्टरांनी लाज वाटून घ्यावी अशीही एक गोष्ट आहे. १९२० च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं अमेरिका आणि युरोपातल्या बुटांच्या दुकानांत चक्क एक्स-रे यंत्रं असायची. मूल नवा बूट घालून यंत्रावर उभं राहायचं आणि आई, मूल, दुकानदार तिघं बुटातली हिरवट हाडं बघायचे. माप बरोबर आहे का, एवढंच पाहायला! किरणोत्सर्गाचा धोका लक्षात आल्यावर ती यंत्रं हळूहळू बंद झाली. अंगठा कुठपर्यंत येतो हे बुटावरून बोटाने दाबूनही कळतं. त्याला एक्स-रे लागत नाही.

आपल्या वहाणा

आपल्याकडे चपलांचं वेगळं संग्रहालय माझ्या माहितीत नाही. पण पुण्याला बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेल्या घरगुती वस्तूंचा हा खजिना १९७५ मध्ये त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत आणि टाचा घासायच्या सुंदर वज्र्याही आहेत. त्या बघताना मला हसू आलं. टाचांना भेगा पडणं ही आपली किती जुनी तक्रार असेल, की ती घासायच्या वस्तूवरही कारागिराने कला ओतली!

आणि कोल्हापुरी. तिला वेगळी ओळख करून द्यायला नको. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलं असेल. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात आणि शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळा नाही. हिरडा तर आमच्या ओळखीचा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम डोंगरातली आदिवासी कुटुंबं तो गोळा करून विकतात. जो हिरडा वैद्य पोटासाठी देतात, त्याच्याच तुरटपणाने कातडं टिकतं. आणि ज्या बाभळीच्या काट्याने अण्णांचं बोट गेलं, तिच्याच सालीने चप्पल घडते.

आपण मराठी माणसं चपलेशी विचित्र वागतो. पादुका पालखीत ठेवून आळंदीहून पंढरपूरला नेतो, त्यांच्यापुढे डोकं टेकतो आणि रोजची चप्पल मात्र विटाळ मानून दाराबाहेर ठेवतो. चप्पल करणाऱ्यालाही आपण बराच काळ दाराबाहेरच ठेवलं. चर्मकार आणि इतर दलित समाजातल्या माणसांना अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा पायातून काढून हातात घ्याव्या लागत. चपलांचं संग्रहालय आपल्याकडे कधी झालं, तर हातात धरलेल्या त्या वहाणांना त्यात जागा हवी.

हे मी इतिहास म्हणून वाचत होते. मग माझा एक जुना पेशंट आठवला. वय पंचाहत्तर. ते चपला दाराशी नव्हे, पार फाटकाजवळ काढायचे आणि खडीवरून अनवाणी यायचे. मला तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, "पहिल्यापासूनची सवय आहे." मी पुढे काही विचारू शकले नाही. त्यांनाही डायबेटिस आहे. आता ते चप्पल घालून खुर्चीपर्यंत येतात. पाटी काढण्यामागे तेही एक कारण होतं.

दुखणं कुठे जातं?

आता अण्णांच्या वाक्याकडे येऊ. "दुखलं असतं तर आलो असतो की." ते अगदी खरं बोलत होते. दुखणं हा शरीराचा राखणदार आहे आणि अण्णांच्या पायातला राखणदार कधीच निघून गेला होता.

आपल्या शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. जवळजवळ एक मीटर लांबीच्या. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा बिघडतात आणि सर्वांत लांब नसांची टोकं आधी बिघडतात. म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. तीन प्रकारच्या नसांचं नुकसान होतं :

संवेदनेच्या नसा गेल्या की काटा, चटका, घट्ट बूट, काहीच कळत नाही. काहींना आधी मुंग्या येतात, आग होते. काहींना काहीच होत नाही आणि तेच जास्त धोक्याचे.

स्नायूंच्या नसा गेल्या की पायाची बोटं आकड्यासारखी वाकतात. भार ठरावीक जागी पडतो. तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते.

घाम आणणाऱ्या नसा गेल्या की पाय कोरडा पडतो आणि टाचांना भेगा पडतात. भेग म्हणजे जंतूंना उघडलेलं दार.

त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर जखम भरत नाही. तंबाखू आणि विडी असेल, तर हे सगळं आणखी लवकर घडतं.

ही गोष्ट वैद्यकाला आधी कुष्ठरोगाने शिकवली. तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं की पेशंटला दुखत नाही, म्हणून जखमा होतात आणि वाढत जातात. जखम टाळली तर पाय टिकतो. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायांसाठी मऊ तळाच्या चपला तयार करण्यावर काम केलं. आज आपण ज्यांना एमसीआर चपला म्हणतो, त्या सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर हेच ज्ञान त्यांनी डायबेटिसच्या पायांसाठी वापरलं. म्हणजे तुमच्या शेजारच्या काकांना डॉक्टर ज्या चपला लिहून देतात, त्यांचा इतिहास वेल्लोरच्या कुष्ठरोग वॉर्डातून येतो.

आता मी चपला वाचते

संग्रहालयातून परत आल्यावर मला दवाखान्याच्या दाराबाहेरची रांग वेगळी दिसायला लागली. पन्नास पेशंट, पन्नास जोड. आता त्या आत येतात आणि मी प्रत्येक डायबेटिसवाल्याची चप्पल उलटी-सुलटी करून बघते.

एकाच बाजूने झिजलेली टाच असेल, तर चालीत फरक आहे. आत अंगठ्याच्या मुळाशी खोल खळगा असेल, तर भार तिथे पडतो, मग पायावर त्याच जागी घट्टा शोधायचा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रक्ताचा डाग असेल, तर पेशंट "काही नाही" म्हणाला तरी मोजा काढायला लावायचा. उजवी जास्त झिजलेली आणि डावी नवी, तर गुडघा बघायचा.

आणि एक प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते : "चालताना पायातून चप्पल निसटली आणि कळलंच नाही, असं कधी झालंय?" बरेच जण हसतात. "होतं की. परवा एसटीत चढलो आणि बघतो तर एकाच पायात चप्पल." हा विनोद नाही. पाय बधिर होत असल्याची ती खूण आहे.

घरच्या घरी पाच मिनिटं

घरात कुणाला डायबेटिस असेल, तर आज रात्री हे करा.

१. चपला-बूट उलटे करा. तळात काटा, खिळा, काच, खडा आहे का बघा. मग आत हात घालून बोटं फिरवा. शिवण, दुमडलेलं अस्तर, टोक काही लागतं का? बूट घालण्याआधी हे रोज करायचं आहे.

२. तळपाय बघा. भेगा, फोड, घट्टे, रंगात बदल. बोटांच्या बेचक्यात चिखल्या. स्वतःला वाकता येत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. अण्णांच्या घरी डाग काकूंनी पाहिले, म्हणून पाय वाचला.

३. स्पर्श तपासा. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशी एकूण सहा टोकं तुमच्या बोटाने हळूच, एक-दोन सेकंद टेकवल्यासारखी शिवा. दाबू नका. कळलं की त्यांनी "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. डॉक्टरांकडे जाऊन पायांची नीट तपासणी करून घ्या. आम्ही ती नायलॉनच्या बारीक तंतूने करतो. सुई लागत नाही, दुखत नाही.

कळलं सगळं, तरीही डायबेटिस असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचे. डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करा. मी विसरले होते.

चप्पल कशी घ्यावी?

संध्याकाळी घ्या. दिवसभराने पाय थोडे सुजतात, सकाळचं माप रात्री चावतं. उभं राहून मापा, दोन्ही पायांचं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी.

संवेदना कमी असेल, तर पुढून झाकलेली, मागे पट्टा असलेली, आत मऊ आणि खालून काटा आरपार जाणार नाही अशी कडक तळाची चप्पल हवी. अंगठ्याची चप्पल नको. ती धरून ठेवायला बोटांना जोर लावावा लागतो, पट्टा बेचक्यात घासतो आणि निसटली तर कळत नाही. कोल्हापुरीवर माझं प्रेम आहे, पण पाय बधिर असेल तर ती लग्नातही नको. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी खुशाल घालावी, पण नवी असताना एकदम दिवसभर नको. आधी तास-दोन तास घालून पाय बघावेत.

अनवाणी चालणं बंद. घरातसुद्धा एक स्वच्छ जोड वेगळा ठेवा. देवळात जायचं तर सकाळी जा आणि सुती मोजे घाला. दुपारच्या तापलेल्या फरशीने तळवे भाजून आलेले आणि घरी जाईपर्यंत ते न कळलेले पेशंट मी पाहिले आहेत. वारीला जाणाऱ्यांना एवढंच सांगते, विठोबाला तुमचे पाय हवेत, जखमा नकोत.

वावरात गमबूट घाला. बाहेर आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. भेगांना रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा, बेचक्यात मात्र लावू नका. पाय बधिर असेल, तर वज्री, ब्लेड आणि कुरूप काढायच्या पट्ट्या तिन्ही लांब ठेवा. गरम पाण्यात पाय बुडवू नका. आणि पायाला जखम झाली, तर दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. दुखत नसेल, तर जास्त घाईने दाखवा.

कपाटातला पहिला नमुना

अण्णा आता दर महिन्याला येतात. पायात पुढून बंद चपला असतात, गेलेल्या बोटांच्या जागी आत मऊ भरण असतं. खुर्चीवर बसले की मी सांगायच्या आधी चपला काढतात, उलट्या करतात आणि टेबलाच्या कडेला ठेवतात. मग पाय वर घेतात. शुगर नंतर.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी एक पिशवी आणली. त्यात ती जुनी टायरची चप्पल होती, काट्यासकट. काकू ती फेकून देणार होत्या. अण्णा म्हणाले, "मॅडम, ही इथं राहू द्या. लोकांना दाखवा. तोंडानं सांगून पटत नाही."

माझ्या टेबलामागे काचेचं एक लहान कपाट आहे. आधी त्यात औषध कंपन्यांची घड्याळं आणि पेनं होती. आता ती चप्पल उलटी ठेवली आहे, काटा दिसेल अशी. नवा पेशंट आला की आधी तिच्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, "हे ज्यांचं आहे, त्यांना दुखलं नव्हतं."

तुमच्या घरातही दाराशी चपलांची रांग असेल. आज उठा आणि आई-वडिलांची चप्पल उलटी करून बघा.

काळजी घ्या.